चुन्यातला एच

हसायचं नाही, आधी कबूल करा! मगच सांगते. आयुष्यात मी एकदाच पुढारी झाले, आणि तेही अर्ध्या दिवसापुरती.

आमचं लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. आम्हा कॉलेजच्या पोरापोरींच्या अंगात असं वारं शिरलेलं, की जणू आम्हीच कलेक्टर! त्यात दुष्काळ. म्हणून श्रमदान शिबिर निघालं, थेट नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पलीकडं. सहस्रकुंडाच्या धबधब्यात तेव्हा नुसते काळे खडक! माळावर चर खोदायचे, पाऊस आला की पाणी अडवायचं, हे काम. नांदेडच्या कॉलेजची पोरंही आलेली.

गटप्रमुख निवडले. त्यात मी, हौसा, एकटीच मुलगी! माझ्या गटातला निलंग्याचा गौतम म्हणाला, "हौसाबाई, नांदेडवाल्यांच्या आधी उरकायचं बघा. न्हाईतर जिल्ह्याची इज्जत जाईल."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर झोप लागेल?

आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं, "प्रत्येक गटाची जागा चुन्यानं आखलेली असेल. तिथं प्रमुखाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर असेल."

उजाडताच मी वीस जणांना उठवून माळावर नेलं. आणि बघते तर काय? टेकाडाच्या अलीकडं, सपाटीवर, पांढराशुभ्र गोल. मधोमध हा एवढा मोठा एच!

"माझं अक्षर!" मी ओरडलेच.

गौतमनं डोकं खाजवलं. "पण चर उताराला आडवा असतो. हे तर गोल हाय."

"तळं असंल! सरांनी आपल्याला सगळ्यात अवघड काम दिलंय. मार कुदळ!"

मग काय विचारता! एचच्या दोन उभ्या रेघा, मग मधली आडवी, मग गोल. मुरूम नुसता उडत होता. मी शिट्टी वाजवत भोवती पळत होते.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक मावशी आल्या. "काय करून राहिले, बाई?"

"पाणी अडवून राहिलो, मावशी!"

"हितं? हितं तर आज मंत्री उतरणार म्हणत होते."

"उतरू द्या की! गाडीतून उतरल्या उतरल्या आमचंच काम दिसंल!"

मंत्री येणार! मी पोरांना दम दिला, "आणखी खोल!" वीतभर चर हातभर झाला.

आणि जीप आली. तहसीलदार साहेबांनी उडीच मारली आणि डोकं धरून उभे राहिले. मागून सर धापा टाकत आले, टेकाडाच्या पलीकडून. सगळ्या गटांच्या जागा तिकडं आखलेल्या होत्या. माझीसुद्धा.

"कुणी खोदलं हे?" तहसीलदार ओरडले.

मी ऐटीत पुढं झाले. "मी! गटप्रमुख हौसा!"

"अहो बाई, हेलिपॅड आहे हे! अर्ध्या तासात हेलिकॉप्टर उतरतंय!"

"आणि... एच?"

"हेलिकॉप्टरचा!"

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. खड्डा तर तयारच होता!

फावडी, पाट्या, हात, मिळेल त्यानं बुजवायला लागलो. नांदेडची पोरं हसत हसत मदतीला धावली. आणि आभाळात घरघर! हेलिकॉप्टरनं दोन घिरट्या घातल्या, जीपमधून आलेल्या पोलिसांनी खालून हात हलवले, आणि ते गेलं ओढ्यापलीकडच्या रिकाम्या रानात. तिथं जीप जात नव्हती. मंत्री भर उन्हात चालत आले, घामानं डबडबलेले, पांढरे कपडे धुळीनं लाल.

"काय काम चाललंय?"

तहसीलदारांनी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं. प्रमुख कोण? मी!

"चर बुजवतोय, साहेब."

"खोदला कुणी?"

"आम्हीच. सकाळी."

मंत्र्यांनी रुमालानं मान पुसली. "बरं. मग पाणी किती अडलं?"

भीतीनं जीभ सुटली ती सुटलीच. "पाणी न्हाई अडलं, साहेब. तुम्हीच अडलात."

मंत्री पोट धरून हसले. सर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गटप्रमुख झाला गौतम, आणि मला कांदे चिरायला बसवलं. तिथं खोदण्यासारखं काही नाही, याची सरांनी आधी स्वतः खात्री करून घेतली!