व्याह्यांनी केलेलं शेल्फ

आमच्या व्याह्यांसारखा लाख माणूस उभ्या नवी मुंबईत सापडणार नाही, आणि नेमके म्हणूनच ते मला डोळ्यांसमोर नको असतात. ते मूळचे सारसोळ्याचे, नवी मुंबई वसायच्या आधीपासूनचे गाववाले. मी ऐरोलीचा, कॉम्प्युटरपुढे बसून पाठ वाकवून घेतलेला. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरी सून म्हणून गेली आणि बघता बघता त्यांना 'पप्पा' म्हणायला लागली. मी बाबाच आहे अजून. पण 'पप्पा' म्हणताना तिचा आवाज जरा जास्तच गोड होतो. बायको म्हणते, "कान तपासून घ्या."

व्याह्यांना सुतारकामाचं भारी वेड. दुकानातलं काही आणायचं नाही, सगळं गॅलरीत बसून स्वतः करायचं. लेकीच्या खोलीसाठी त्यांनी लाकडी शेल्फ करायला घेतलं. त्याला तीन कमानी, वेलबुट्टी आणि दोन्ही कडांना मोर. मोर थोडे कोंबड्यांच्या वळणावर गेले होते, तरी लेक म्हणाली, "पप्पा, कसले भारी झालेत!" मी तिला सायकल शिकवली तेव्हा एवढं बोलली नव्हती हो! भिंतीला ड्रिल लावण्याआधी हे गृहस्थ सोसायटीत दारोदार फिरले. "जरा आवाज होईल हां. कोनाचं बाल झोपलं नाय ना?" आणि घरोघरी चहा पिऊन आले. आमच्याकडे मी साधा खिळा ठोकला तरी सेक्रेटरी धावत वर येतो, यांना लोक खारी खायला घालतात! फळी सरळ बसली का, हे बघायची त्यांची तऱ्हाही वेगळी. वर चहाने काठोकाठ भरलेली बशी ठेवायची. "व्याही, तुमी धरा फली. चाय सांडली तं पुन्ना लावू." मी धरली. सांडावी असं मला मनापासून वाटत होतं, पण थेंब सांडेल तर शपथ. वर तो चहा त्यांनी मलाच पाजला.

इथवर मी सोसलं. पण दोन दिवसांनी लेकीचा फोन आला, "बाबा, माझे खो-खोचे कप न्यायला येतेय. आता इथे जागा झाली ना!" तिचं बाकी सगळं सामान कधीच गेलं होतं. आमच्या शोकेसमध्ये तेवढे कप उरले होते, आणि ते आहेत तोवर लेक थोडी तरी इथली आहे, अशी मी मनाची समजूत घालत होतो. "ने की, तुझेच आहेत," म्हणालो.

सासरे-सून दोघंही आले. लेकीने भराभर कप खोक्यात भरले. व्याही रिकाम्या शोकेसपुढे जरा वेळ उभे राहिले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खोक्यातला सगळ्यात मोठा कप काढून त्यांनी परत आत ठेवला.

"पप्पा, अहो, मधली कमान त्याच्यासाठीच तर उंच केलीत ना तुम्ही?" लेक म्हणाली.

"माप चुकला माझा. नाय मावत तो," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

तो कप मी आता रोज पुसतो. पुसताना डोळे भरून येतात, आणि वाटतं, हे असलं मन देवाने या माणसाला दिलं, त्यातलं थोडं मला दिलं असतं तर काय बिघडलं असतं? जळतोच मी त्यांच्यावर, अजूनही.