विहिणीला विचारायचं होतं ते

माझ्या वहीत रोज आधी एकवीस वेळा देवाचं नाव असतं आणि मग त्या दिवसाची नोंद. मागच्या जून महिन्यापासून मात्र समासात तिसरंच काहीतरी दिसतं : अँ, द, त्र्वा, कात्र, सँक. हे फ्रेंच आकडे. एकदा आमच्या ह्यांनी वही उघडून पाहिली आणि विचारलं, "हा कोणता नवा मंत्र?"

मी म्हटलं, "मंत्रच समजा. अक्काचा आहे."

अक्का म्हणजे बेबाबाई, माझी मोठी जाऊ. वय अठ्ठावन्न, माहेर नशिराबाद, शिक्षण सातवी. बत्तीस वर्षं एका चुलीशी काढल्यावर आमच्यात अहो-जाहो उरलेलं नाही. केळीच्या बागेतली तिची नजर आमच्या साऱ्या असोदा गावात माहीत आहे. घडाकडे नुसतं पाहून "आठ दिवस थांबा अजून" म्हणाली की व्यापाऱ्याचा माणूसही विळा खाली ठेवतो. मी पूजापाठात रमणारी, ती बागेत. देवाला तिचा सकाळी एक नमस्कार, तोही उभ्याउभ्या. "बाकीचं तू दोघींच्या नावानं करून घे," असं मला सांगून मोकळी.

तिचा एकुलता एक कुंदन फ्रान्समध्ये ग्रनोबल म्हणून गाव आहे तिथे नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी तिथल्याच मुलीशी, कामीयशी, त्याने लग्न केलं. कागदावर सह्या झाल्या, आम्ही फोटो पाहिले, इथे सत्यनारायण घातला. अक्का चार दिवस अंधार पडेपर्यंत बागेतच राहिली. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी हसते चांगली." तिथे विषय मिटला.

दर रविवारी दुपारी कुंदनचा व्हिडिओ कॉल. त्यातलं पहिलं काम ठरलेलं. अक्का फोन घेऊन देव्हाऱ्यापुढे येते, आणि तिकडून कुंदन दोन्ही हात जोडून डोकं टेकवतो. तो तिकडे देवाचं काही करत असेल असं मला वाटत नाही. पण आईसाठी एवढं त्याने कधी चुकवलं नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या जेठांना, अक्काच्या नवऱ्याला म्हणजे भाऊंना, छातीत दुखलं. जळगावला नेलं, दोन स्प्रिंगा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कानावर जाऊ देऊ नका. फेब्रुवारीत कुंदनचे तीन रविवार नुसते मेसेज आले. मग म्हणाला कॅमेरा बिघडलाय, म्हणून आवाजावरच बोलणं. मार्चमध्ये एकदाचा दिसला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. अक्काने देव्हाऱ्यापुढे फोन धरला. कुंदनने डावा हात छातीला लावला आणि मान झुकवली.

फोन ठेवल्यावर अक्का तिथेच पाटावर बसली.

"पाह्यलं तू?"

"काय?"

"देवाले डाव्या हातानं नमस्कार केला त्यानं. माह्या पोरानं. उजवा हात कुठी गेला त्याचा?"

पुढच्या रविवारी तिने सरळ विचारलं. कुंदन म्हणाला, "झोपेत अवघडला होता आई." सुनेला विचारलं. तिला मराठी चार शब्द येतात. ती म्हणाली, "छान आई, छान." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुंदन म्हणाला, "आई, पुरे." भाऊ समोरच्या खाटेवर होते, म्हणून अक्काने पुढे ताणलं नाही. पण तिची झोप गेली ती गेलीच. उजवा हात आहे ना? की नाहीच? की दुसरंच काही, याहून मोठं? केळीच्या बागेत बसून ती मला हे विचारायची आणि मी 'देव पाहतोय' एवढंच म्हणायची.

एक दिवस तीच म्हणाली, "त्याची सासू खोटं नही बोलनार. ती माय हाये."

"पण विचारशील कशी? मध्ये कुंदनच ना सांगणारा."

"म्हनून त मध्ये कोनी नको. जानेवारीत येनार हाये ते लोकं. तवर मी शिकते तिची भाषा."

मी म्हटलं, फोनमध्ये बोललं की फ्रेंच करून देणारं असतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मायनं मायले फोनातून इचारायचं? आन फोन तिले काय सांगीन, कोनाले ठाव?"

घरात सांगितलं, विहिणीशी बोलायला शिकते. भाऊ हसून म्हणाले, "शिक. माझ्याशी तरी कुठं मराठीत बोलतेस!" खरं कारण फक्त मला माहीत.

जळगावला रूपाली मॅडमचा क्लास आहे, दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी सोबत म्हणून जायची आणि मागच्या बाकावर बसून ऐकलेलं मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची, कारण इंग्रजी अक्षरं वाचायला अक्काला वेळ लागतो. बाकी सगळी विशीतली पोरं, परदेशी जाणारी. पहिल्या दिवशी मॅडमनी पुस्तक उघडलं : स्टेशन, तिकीट, हॉटेलात कॉफी कशी मागायची. अक्काने हात वर केला.

"मॅडम, मले स्टेशन नको. मले दवाखाना शिकवा."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. क्लास सुटल्यावर त्यांनी अक्काला थांबवून विचारलं, "मावशी, तुम्हाला काही त्रास आहे का?" तेव्हा अक्काने त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून मॅडम रोज पंधरा मिनिटं जास्त थांबायच्या. हाड, ताप, रक्त, दुखतं, बरं आहे, हळू बोला. पैशाचं नाव काढलं नाही.

सोपं नव्हतं. त्यांचा 'र' गुळण्या करताना घसा खरवडावा तसा निघतो. अक्काला खोकलाच यायचा. ऑगस्टमध्ये तर रडकुंडीला आली. सकाळी पाठ केलेलं दुपारी कोरं. मग तिनेच वाट काढली. बागेत घड उतरला की त्याच्या फण्या ती फ्रेंचमध्ये मोजायला लागली. नऊ, दहा, अकरा. अकरा फण्यांचा घड निघाला की तिचा आवाज चढायचा, "ओंझ!" कामावरच्या बायाही 'ओंझ, ओंझ' करायला लागल्या.

गल्लीतली सुंदरबाई धुळ्याकडची. तोंडाने तिखट. बसची वाट पाहताना रोज टोकायची, "काय वं अक्का, आते या वयमा साळामा जाई ऱ्हायनी का?"

"जाते ना. तुह्यं नाव टाकू का?"

"माले कसाले? मनी इहीन भुसावळनी शे. ती मराठीमाच भांडस."

अक्काने विचारायचं वाक्य सप्टेंबरातच पाठ केलं. माझा मुलगा आजारी होता का, मला खरं सांगा, मी त्याची आई आहे. एवढंच. माझ्या वहीत ते वाक्य एकेचाळीस वेळा आहे. कधी विचारायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. आमच्या सासूबाई घरातल्या पोरांना पकडायच्या तशी तिची रीत. आधी हातात भाकर द्यायची, मग विचारायचं. हातात अन्न असताना माणूस खोटं बोलत नाही. लहानपणी कुंदनची प्रत्येक चोरी अशीच उघडी पडलेली.

डिसेंबर संपताना मी मुक्ताईला जाऊन आले आणि सांगितलं, माझ्या जावेचं तोंड वेळेवर उघडू दे.

जानेवारीत तिघं आली. कुंदन गाडीतून उतरला आणि अक्काने आधी त्याच्या बाहीकडे पाहिलं. हात होता. बाही मनगटापर्यंत होती. कामीयची आई, मोनिकबाई, चौसष्ट वर्षांच्या, उंच, पांढरे आखूड केस. उंबऱ्यावर पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं. अक्का "बोंजूर" म्हणाली आणि त्यांनी तिला मिठीच मारली. भाऊंनी दुसरीकडे पाहिलं.

दोन दिवस कुंदन आईजवळून हलला नाही. अक्का तोंड उघडायच्या आत हा पुढे, "आई, काय म्हणायचंय? मी सांगतो." देव्हाऱ्यापुढे मात्र त्याने दोन्ही हात जोडले. उजवा कोपर पुरता वाकत नव्हता. आम्ही दोघींनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी भरिताचा बेत. भाऊ कुंदनला आणि कामीयला बाग दाखवायला घेऊन गेले. मोनिकबाई मागे थांबल्या, त्यांना वांगी भाजताना पाहायची होती. अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी. मी भाकरी करत होते. अक्काने पहिली गरम भाकर मोडली, त्यावर लोणी घातलं आणि विहिणीच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आणि अक्का सगळं विसरली.

तोंड उघडं, शब्द नाही. मी परातीवर वाकून हळूच पहिला शब्द सांगितला, "मों फिस." माझा मुलगा. मग गाडी सुटली. सगळं वाक्य, एका दमात, घसा खरवडून.

मोनिकबाईंच्या तोंडात घास होता. त्या चावायच्या थांबल्या. मग घास नीट संपवला, तोंड भरलेलं असताना त्यांच्याकडे बोलत नाहीत म्हणे. आम्हाला तो एक घास केवढा मोठा वाटला. मग त्यांनी हातातली भाकर ताटात ठेवली आणि हात पुसले.

अक्काचा चेहरा राखेसारखा झाला. "ठेवली व तिनं भाकर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "झालं. आता खोटं सांगीन."

पण मोनिकबाईंनी हात पुसले ते अक्काचे हात धरायला. दोन्ही हात धरून त्या बोलायला लागल्या, झरझर, नळ सोडल्यासारख्या. अक्का ओरडली, "लांत्माँ! लांत्माँ!" म्हणजे हळू. त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द, बोटांनी दाखवत. बर्फ. सायकल. मोटार. उजवा हात, दोन ठिकाणी. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, रक्त, आत. ऑपरेशन आणि हॉस्पिटल हे शब्द तर जवळजवळ आपलेच निघाले. 'दोन दिवस' म्हणून डोळे मिटून दाखवले. मग डोळे उघडले. मग म्हणाल्या, "ओंझ जूर."

"ओंझ," अक्का म्हणाली. "अकरा. अकरा दिवस दवाखान्यात." घडावरच्या फण्या मोजाव्यात तशी तिची बोटं हवेत हलत होती.

मग मोनिकबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोनच शब्द बोलल्या, "जेते ला." मी तिथे होते. हातांनी खुर्ची दाखवली, तिच्यातच मान टेकवून झोप दाखवली. अकराही दिवस. त्यानंतर पाच आठवडे कुंदन त्यांच्या घरी होता, त्यांच्या हातचं सूप पीत. आणि आता? आता बरा आहे. पुरता. डॉक्टरांनी लिहून दिलंय.

हे मॅडमनी शिकवलेलं होतं. 'आता बरा आहे' अक्काला लगेच कळलं. तरी तिने तीनदा विचारलं आणि त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी भाकर परत हातात घेतली, भूक लागली म्हणून. अक्काला मात्र तेवढं पुरलं. तिने विहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दहा महिन्यांचं सगळं रडून घेतलं. एक वांगं तोवर जळून कोळसा झालं. मी वळून देवघराकडे हात जोडले, पिठाचेच.

कुंदन आधी आला. भाऊ मागे हौदावर पाय धूत होते.

"आई, काय झालं?"

"धूर गेला डोयात." अक्काने त्याचा उजवा हात धरला आणि बाही वर सारली. कोपराखाली वीतभर व्रण. तिने त्यावरून अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली.

कुंदनने सासूकडे पाहिलं, मग आईकडे. "ह्यांनी सांगितलं?"

"मी इचारलं."

"कसं?"

"तोंडानं."

तो हसायला गेला आणि त्याचे डोळे भरले. हळू म्हणाला, "बाबांचं तेव्हा तसं होतं. तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असतं."

"हं. आन माह्या पोटात काय व्हतं ते तुले कयलं नही." पाठीत एक धपाटा घातला त्याच्या, पण हात तसाच पाठीवर राहिला. "जाय, हात धू. बापाले मी सांगीन, मले जवा वाटीन तवा."

जेवताना मोनिकबाई भरिताबद्दल काहीतरी म्हणाल्या. कुंदन सवयीने सांगायला लागला, "आई, त्या म्हणतात की..."

"तू जेव," अक्का म्हणाली. "आमच्यात मधला मानूस नको आता."

भाऊ मोठ्याने हसले. त्यांना काय माहीत.

ती मंडळी गेल्यावर भाऊंची तपासणी झाली, सगळं चांगलं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना अक्काने त्यांना सांगितलं. मी ओट्याशी उभी होते, भाऊंच्या छातीच्या गोळीची डबी पदराखाली धरून. भाऊंनी बशी खाली ठेवली. मग विचारलं, "विहिणीला काय दिलं आपण जाताना?"

"साडी दिली. पैठणी. आन खाऊ."

"कमी झालं," ते म्हणाले. चहा प्यायले. "मे महिन्यात केळी निघाली की जाऊ आपण तिकडं. भाऊबंदांना करतो तेवढं तरी करायला पाहिजे."

डबी मी जागेवर ठेवून दिली.

सोमवारी पुन्हा जळगाव. जिना चढताना अक्का पुढे, मी मागे. रूपाली मॅडमनी दारातच विचारलं, "मावशी, काय झालं?" अक्काने सगळं सांगितलं, वांग्यासकट. मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग आता क्लास बंद?"

अक्का पहिल्या बाकावर जाऊन बसली. पिशवीतून वही काढली. स्वतःची, नवी कोरी, दोनशे पानी.

"बंद काहून? दवाखाना झाला. आता मले स्टेशन शिकवा."