वणीच्या दीपकवर एमएच-२९

माझ्या कॉलेजातल्या प्राचीच्या बाबांनी आपल्या जुन्या लॉगबुकातलं एक पान माझ्यापुढे सरकवलं, त्या क्षणी सगळं बदललं. तोवर अमरावतीच्या त्या घरात मी म्हणजे इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला एक पोरगा. मी त्यांना काका म्हणतो; हवाई दलातले निवृत्त पायलट. विमानाच्या चार आकडी नंबरावर बोट ठेवून म्हणाले, “याच दीपकमध्ये मी पहिल्यांदा एकटा उडालो.”

दीपक म्हणजे पुढे पंखा असलेलं, शिकाऊ पायलटांचं विमान. आता ती सगळी निवृत्त. कुठलं चौकात उभं, कुठलं भंगारात. मी बोलून गेलो, “वणीजवळच्या एका शाळेत एक आहे. बघून येतो.”

“नुसता फोटो नको,” प्राची म्हणाली. “नंबर दिसला पाहिजे.”

मी कॉलेज सोडल्यावर तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली होती. मी चंद्रावरसुद्धा गेलो असतो, वणी काय!

तर जाणाऱ्यांसाठी: आमच्या नेरहून यवतमाळला एसटी दर अर्ध्या तासाला असते म्हणतात. म्हणतात! मी दीड तास उभा. यवतमाळच्या स्टँडसमोर तर्री-पोहे खा, पण ती तिखटजाळ तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढे करंजीपर्यंत पोट बोलतं. वणीच्या गाडीत खिडकी मिळाली, काच मात्र सरकेना. मारेगाव सुटलं की कोळशाचे ट्रक, धूळ आणि खड्डे. माझा पांढरा शर्ट वणीत राखाडी होऊन उतरला.

कंडक्टरने विचारलं होतं, “वणीत काय काम बाबू?”

“विमान पाहायचंय.”

“मंग यष्टीनं काहून चालला?”

स्टँडवरून ऑटोने शाळा गाठली. वॉचमन भला, विचारलं की आत सोडतो. मैदानात, निंबाखाली दीपक उभं होतं. टुमदार, दोन सीटचं. अंगभर ट्रकचा हिरवा रंग. आणि शेपटीवर, झोकदार अक्षरांत, यवतमाळच्या गाड्यांचं एमएच-२९!

माझं डोकंच फिरलं. कंपाउंडची भिंत रंगवणारे रफिकचाचा शांतपणे म्हणाले, “म्याच टाकला. जुना पार उडाला होता, घासून काढला.”

“अहो, विमान आहे हे!”

“असन. जिल्हा तर आपलाच हाय ना? ट्रकवाले पैसे देऊन नंबर टाकून घेतात, हितं फुकट टाकला. बिना नंबरची गाडी शोभते काय?”

“चाचा, त्या नंबरासाठी मी नेरहून आलो!”

“मंग भडकून काहून राह्यला? कोणता पायजे, सांग. आत्ता टाकतो.”

लॉगबुकच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता. मी दाखवला.

“हेच हाय ना ते इमान? पक्कं?”

“टाका ना चाचा,” मी म्हणालो.

पाच मिनिटांत नंबर तयार. ट्रकवर असते तशी आकड्यांखाली लाल सावलीसकट. ती मी घासून पुसायला लावली आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत काकांनी तो फोटो कितीदा मोठा करून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “प्राची, अगं तेच!” प्राचीने स्वतः चहा आणला आणि माझ्या शेजारी बसली. मला एवढंच हवं होतं. काका म्हणाले, “उद्याच निघू. एकदा हात लावून येतो.”

प्रयोग न करता रीडिंग लिहायला लावतात म्हणून सरांवर ओरडून मी कॉलेज सोडलेलं. आणि इथे?

“काका,” मी म्हणालो, “तो नंबर मीच रंगवून घेतलाय. विमान कोणतं, मला माहीत नाही.”

काकांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. प्राची उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. “मग फोटो आणलास कशाला?”

तू माझ्याशी बोलावीस म्हणून. पण हे काकांसमोर कसं सांगणार?

वणीला जरूर जा. विमान खरं आहे, कुणीतरी त्यात उडायला शिकलंच असेल. शेपटीवरच्या नंबरावर तेवढा विश्वास ठेवू नका, तो माझा आहे.

“येतो काका,” म्हणालो. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.