एकटीला उचलता येईल असं छप्पर

घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना मी नवऱ्याकडून एकच वस्तू मागितली. त्याची गाडी. दोन सीटची, पांढरी, कापडी छप्पर मागे दुमडून उघडी करता येणारी स्पोर्ट्‌स कार. मला ती फार आवडायची असं नाही. त्याला आवडायची, म्हणून मागितली.

आम्ही दोघं रोह्याच्या एकाच कंपनीत होतो आणि अजून आहोत. तो पर्चेसला, मी लॅबमध्ये. आमच्या संसारात ती गाडी फक्त रविवारी बाहेर निघायची. बाकीचे सहा दिवस तिच्यावर कव्हर असायचं आणि कव्हरला हात लावायची मला परवानगी नव्हती. आता मी नागोठण्यातलं त्याचं घर सोडून पेणला वेगळं घर घेतलं होतं. ती गाडी रोज पेण ते रोहा हाणायची, खड्ड्यांतून, ट्रकच्या धुरातून, आणि कंपनीच्या शेडमध्ये बरोब्बर त्याच्या मोटरसायकलशेजारी लावायची, असं मी ठरवलं होतं. त्यानं रोज सकाळी तिच्यावरची धूळ बघावी, एवढंच मला हवं होतं.

चावी मिळाली त्या दुपारी मी घरासमोर गाडीचं छप्पर चढवलं आणि आत बसले. डोक्यावरून उन्हाची एक बारीक रेघ मांडीवर पडली होती. वर बघितलं तर कापड शिवणीच्या कडेनं आतून कापलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

मी लगेच फोन लावला.

"उंदीर असंल," तो म्हणाला.

"उंदीर पट्टी लावून कुरतडतो?"

तो हसला. "पावसाळा येऊ दे. मग बघतो किती दिवस चालवतेस ती."

ते हसणं माझ्या कानात राहिलं. त्या गाडीचं एक कडक छप्परसुद्धा होतं, गाडीसोबत आलेलं, पत्र्याचं. दर जूनमध्ये आम्ही दोघं ते उचलून गाडीवर बसवायचो. एका वर्षी माझ्या हातातून मागची बाजू सटकली आणि पायाच्या अंगठ्यावर आली. नख काळंनिळं झालं. तो धावत आला आणि वाकून आधी छपराची कड तपासली. ते छप्पर मी आता फोनवर मागितलं तर म्हणाला, "कागदावर गाडी लिहिली हाय. छप्पर कुठं लिहिलंय?"

मी फोन ठेवला. कापडी छप्पर नवं शिवून घेता आलं असतं, पण कापड परत कापता येतं. ज्याच्यावर ब्लेड चालणार नाही असं छप्पर मला हवं होतं. रोजच्या वापराचं, पाऊस आत न घेणारं, मागचा ट्रक नीट दिसेल असं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मला एकटीला चढवता-उतरवता येईल असं. त्यासाठी मला कुणाला हाक मारायची नव्हती.

मार्च महिना त्यातच गेला. पुण्याला शर्यतीच्या गाड्यांची कामं करणारे दोघे भाऊ होते. त्यांच्याकडचं कार्बन फायबरचं छप्पर मी दोन बोटांवर तोललं, इतकं हलकं. पण ते बोल्टनं कायमचं आवळायचं, मागच्या काचेच्या जागी पातळ प्लॅस्टिक, आणि कडेला रबर नाहीच. "रोज चालवणार?" थोरल्यानं विचारलं. "मग आमचं घेऊ नका, मॅडम. पहिल्या पावसात आम्हाला शिव्या द्याल." त्याच्या खरेपणाबद्दल मी आभार मानले आणि परत आले. परदेशातून एक मागवता आलं असतं, पण ते माझ्याच मॉडेलला बसेल याची खात्री कुणी देईना. आमच्या कंपनीला ॲसिडच्या टाक्या पुरवणारा एक कारागीर रोह्यातच होता. त्यानं नमुन्याला फायबरचा एक तुकडा करून दिला. पक्का होता, पण तेवढा तुकडा उचलतानाच माझं मनगट भरून आलं. एवढ्या जाडीचं अख्खं छप्पर म्हणजे पुन्हा दोन माणसं.

मग लॅबमधल्या एकीनं पेणजवळच्या जोहे गावाचं सांगितलं. तिथं गणपतीच्या कारखान्यात एक बाई फायबरचे साचे करते, हात फार हलका आहे म्हणाली.

मी गाडी घेऊनच गेले. बाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. गाडीभोवती दोनदा फिरल्या, कापलेल्या कापडातून बोट घातलं.

"ह्ये कुणी केलं गो?"

"नवऱ्यानं. होता तो."

 त्यांनी बोट तसंच शिवणीवरून फिरवत नेलं. "जाड कशाला पायजे? आमची मूर्ती बघ, आत पोकळच हाय. वळण बरोबर आलं की पातळ पण वजन पेलतं. आतून दोन बरगड्या देऊ." मग म्हणाल्या, "गाडी आठ दिवस ठेवायला लागंल. आणि घाई नाय करायची."

आठ दिवस मी एसटीनं कामाला गेले. संध्याकाळी परतताना जोह्याला वाकडी वाट करून जायचे. गाडीला प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर बाईंनी थर्माकोल आणि शाडूनं छप्पर घडवलं होतं. गणपतींच्या रांगेत ती गाडी मान खाली घालून बसल्यासारखी दिसायची. मातीवरून साचा, साच्यातून फायबर. मागे काचेच्या जागी वाकवलेली पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट, कडेनं दुहेरी रबर, पुढे दोन कड्या आणि मागे दोन खटके. एका संध्याकाळी रेझिन नीट धरलं नाही म्हणून बाईंनी अख्खा तयार तुकडा बाजूला फेकला आणि पुन्हा सुरुवात केली. मी चालेल म्हणत होते. "मला नाय चालायचं," त्या म्हणाल्या.

रंगाचं मात्र मी ठरवलं. गाडीचा एक स्क्रूसुद्धा मूळचाच हवा, असा त्याचा हट्ट असायचा. मी पितांबराचा पिवळा मागितला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. "दोन हात मारते," म्हणाल्या. "लांबून दिसायला पायजे ना?"

छप्पर मी एकटीनं उचललं. डोक्यावर आडवं धरून चार पावलं चालले आणि गाडीवर ठेवलं. लॅबमधला वीस लिटरचा भरलेला कॅन याहून जड असतो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तो मोटरसायकलवरून उतरला आणि तसाच उभा राहिला. हेल्मेट डोक्यावरच.

"ह्ये काय केलंस? वाट लावलीस गाडीची."

"चालते चांगली," मी म्हणाले. त्या दिवशी कँटीनची पातळ आमटीसुद्धा मला गोड लागली.

सगळं सुरळीत होतं असं नाही. नागोठण्याच्या खड्ड्यांत छप्पर खडखडायचं, तिथं फेल्टच्या पट्ट्या लावल्या. जूनमध्ये डाव्या कोपऱ्यातून धार लागली. बाईंनी रबर काढून नवं बसवलं. मग थेंब आला नाही. मी रोज कोरडी उतरायचे आणि रेनकोट झटकणाऱ्या त्याच्यासमोरून सावकाश चालत जायचे. मुद्दाम सावकाश.

जुलैच्या सुरुवातीला तो शेडमध्ये आडवा आला. "ते जुनं छप्पर घेऊन जा. घरात जागा अडते."

"ते उचलायला दोन माणसं लागतात," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात एका सकाळी निडीच्या अलीकडं रस्त्यावर पाणी होतं. तो बंद पडलेली मोटरसायकल ढकलत होता, छातीपर्यंत भिजलेला. माझी गाडी ओळखून त्यानं हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. मी पुढं गेले. मग थांबले. दया आली म्हणून नाही. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात त्यानं मला या गाडीत बसवताना आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि चपला पिशवीत घालायला लावल्या होत्या, ते त्या क्षणी आठवलं.

मोटरसायकल रस्त्याकडेच्या एका टपरीशी लावून तो आला. मी मागच्या फटीतला पेपर काढून शेजारच्या सीटवर पसरला.

"बूट काढ," मी म्हणाले.

 त्यानं पावसातच बूट काढले, हातात धरले आणि पेपरवर अवघडून बसला.  वाटेत एकदा त्यानं वर हात नेला, आतल्या बरगडीवरून बोटं फिरवली.

"गळत नाय?"

"नाही."

कंपनीच्या गेटवर दोन पाळ्यांच्या माणसांची अदलाबदल होत होती. मी गाडी शेडपर्यंत नेली नाही, गेटसमोरच थांबवली. तो सगळ्यांदेखत मोज्यांवर उतरला. पेपर पँटला चिकटून आला होता. मी सांगितलं नाही.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. दिवसभर मी त्या वाईट वाटण्याची वाट बघितली, नाही वाटलं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, मोटरसायकल दुरुस्त होईपर्यंत सोडशील का, पेट्रोल मी भरतो. मी 'नाही' एवढंच लिहिलं, फोन उलटा ठेवला आणि उरलेले नमुने तपासायला घेतले.