वाकायला शिकवणारे रशीदभाऊ

रशीदभाऊ तांबोळी यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असा निरोप घेऊन समितीची मंडळी घरी आली, तेव्हा मी त्यांना सरळच विचारले, "खरे लिहू की चांगले लिहू?" त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. "भाऊंच्या बाबतीत दोन्ही एकच की," असे म्हणून चहा पिऊन ते निघून गेले. तेव्हा पुढे जे काही आहे, त्याची जबाबदारी समितीवर राहील.

लोणावळ्याच्या एका निसर्गोपचार केंद्रात मी उभी हयात रशीदभाऊंच्या शेजारच्या खोलीत काढली. कंबर आणि पाठ धरलेली माणसे आम्हा दोघांकडेही येत. आमचे शिक्षण सारखे, खोल्या सारख्या, खिडक्यांतून दिसणारा डोंगरही तोच. तरी दारात आलेला माणूस माझ्याकडे बघून विचारायचा, "भाऊ हायेत का?" मी आहे, हे त्याला स्पष्ट दिसत असे. भाऊंचे नाव निघाले की माझ्या पोटात दुखते, हे माझ्या घरच्यांना आणि जुन्या सहकाऱ्यांना पाठ आहे. गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत, हे मलाही कळते. पण ते वगळले, तर भाऊंविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फार थोडे उरते.

आमची पहिली भेट मी केंद्रात रुजू झालो त्या सकाळची. खंडाळ्याचे एक रेल्वे कामगार कंबरेला हात लावून बसले होते. मी नवा, उत्साही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, ठणकते की कळ मारते, सगळे रीतसर विचारले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिले. इतक्यात शेजारच्या खोलीतून एक उंच, सावळे गृहस्थ आले, सतरंजीवर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "काका, ह्या कंबरेपायी काय करायचं ऱ्हाऊन गेलंय?"

काकांनी कंबरेवरचा हात काढला. मग म्हणाले, "धाकटी लेक हाय. तिला मांडीवर घ्यायचं म्हनलं तर खाली बसवत न्हाई, न् बसलो तर उठवत न्हाई." आणि मग ते बोलतच राहिले. लेकीचे नाव, तिचे हट्ट, शाळेतली तिची बाई, सगळे निघाले. रशीदभाऊंनी त्यांना त्या दिवशी एवढेच शिकवले: भिंतीला हात टेकून, गुडघे वाकवून खाली कसे बसायचे आणि एक गुडघा टेकून वर कसे यायचे. "हे जमलं की लेक मांडीवर," असे म्हणून त्यांना दारापर्यंत सोडले. मी भाऊंना "छान विचारलंत" म्हणालो, आणि घरी जाऊन त्या रात्री नीट जेवलो नाही.

तोच एक प्रश्न भाऊंनी पुढे जन्मभर विचारला. दुखते कुठे, हे ते नंतर पाहत. आधी राहिले काय ते विचारत. बंगल्याची देखभाल करणारी बाई म्हणायची, जिना पुसायचा राहिलाय. एखादी आजी म्हणायची, खाली बसून नातीची वेणी घालायची आहे. मग व्यायाम त्या कामावरून बेतला जाई. माझ्याकडे मार्जारासन असे. भाऊंकडे "मांजरीचं" असे. उताणे झोपून, गुडघे उभे करून ते दोन्हीकडे हळूहळू झुलवायचे, त्याला ते "पाळणा" म्हणत. पोट आत घेऊन कंबर सतरंजीला टेकवायची, सोडायची, पुन्हा टेकवायची, बस्स. घाम यावा असे त्यात काही नसे. रुग्ण घरी जाऊन माझी आसने विसरत आणि भाऊंचा पाळणा शेजारणीला शिकवत. या गोष्टीचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. अजूनही आवडत नाही.

उपचारांच्या बाबतीत मात्र मी माझे मत सोडलेले नाही. निर्गुडीचा पाला उकळून दिलेला माझा शेक भाऊंच्या कोंड्याच्या पुरचुंडीपेक्षा केव्हाही सरस आहे. ते भाताचा कोंडा तव्यावर गरम करून कापडात बांधतात आणि कंबरेखाली ठेवतात. कोंडाच तो. मी एकदा त्यांना तसे बोललोही. ते म्हणाले, "अरविंदराव, तुमचा पाला चांगलाच हाय. पर शेकानं दुखणं जात न्हाई. शेकानं माणूस हालायला तयार होतो, एवढंच." माझ्या पाल्याला चांगला म्हणून त्यांनी मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

आपली हद्द त्यांना ठाऊक असते, हेही लिहिले पाहिजे. घाटात गाडी चालवणारा एक तरणाबांड ड्रायव्हर त्यांच्याकडे आला होता. पाळणा शिकायला आला होता बिचारा. भाऊंनी त्याला चालायला सांगितले. त्याचे एक पाऊल जमिनीवर फरपटत होते, आणि लघवीलाही त्रास होतो आहे असे तो चाचरत बोलला. भाऊ लगेच उठले. "हे माझ्याकडचं न्हाई. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात," असे म्हणून स्वतः त्याच्याबरोबर गेले. त्याचे ऑपरेशन झाले, पाऊल वाचले. नंतर तो पेढे घेऊन आला तो भाऊंकडे, ज्यांनी त्याच्यावर काहीच उपचार केले नव्हते. पेढा मलाही मिळाला.

आणि माणूस म्हणून किती मोठे मन, ते सांगतो. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो, निरोपसमारंभ एकत्रच झाला. भाऊंना बोलायला सांगितले, तर ते सगळा वेळ माझ्याविषयी बोलले. माझा अभ्यास, माझी शिस्त, माझा पाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या भाऊंच्या मोठेपणाला. अशा माणसाशेजारी बसून हसतमुख राहणे किती अवघड असते, ते बसल्याशिवाय कळायचे नाही.

निवृत्तीनंतर भाऊ मळवलीत राहायला गेले. तिथल्या भाताच्या गिरणीमागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे रोज सकाळी ते लोकांचा व्यायाम घेऊ लागले. मला वाटले, चला, आता आमच्यात एका स्टेशनाचे अंतर तरी आले.

माझी पत्नी प्रभा मळवलीचीच, शेतकऱ्याच्या घरातली. तिची कंबर पुष्कळ वर्षांपासून धरलेली. मी तिच्यावर काय करायचे बाकी ठेवले होते? मातीच्या पट्ट्या झाल्या, तिळाचे तेल झाले, निर्गुडी तर होतीच. आणि एक नियम मी कडक ठेवला होता: वाकायचे नाही. खाली पडलेला चमचाही मी उचलायचो. तिला जपावे, एवढाच त्यात हेतू. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती वरचेवर माहेरी जाऊ लागली. दादाकडे जाते, म्हणायची. परत आली की तिच्या पदराला कोंड्याचा वास येई. दादाच्या घरी गिरणी नाही. मनात ठिणगी पडली ती पडलीच.

एका सकाळी मी पुढच्या गाडीने तिच्या मागोमाग मळवलीला उतरलो. तिचे थोरले भाऊ किसनदादा रानात गेले होते. त्यांच्या पत्नीने दारातच सांगितले, "वन्सं शेडवर गेल्यात. तुमाला ठावं न्हवतं व्हय?" मी तडक गिरणीमागे गेलो.

शेडमध्ये दहाबारा बायका होत्या. प्रत्येकीच्या डाव्या हातात पेंढ्याची एक मूठ. सगळ्या कंबरेतून वाकून कोरड्या जमिनीवर एकेक काडी टेकवत मागे मागे येत होत्या. आवणीला चिखलात भाताची रोपे लावतात ना, अगदी तशी. फक्त चिखल नाही, पाणी नाही, रोप नाही. आणि त्यांत मधोमध प्रभा.

"प्रभा, सरळ उभी राहा," मी दारातूनच म्हणालो. "कंबर जाईल."

ती सावकाश सरळ झाली, दोन्ही हात कंबरेवर ठेवून जराशी मागे रेलली आणि माझ्याकडे वळली. "झाले की उभी," ती म्हणाली.

"या अरविंदराव," रशीदभाऊ म्हणाले. "चहा सांगू?"

"चहा राहू द्या. मी हिला वाकायची बंदी केली आहे."

"व्हय, सांगत होत्या त्या. पर त्यांना आवणीला उतरायचंय. न वाकता आवणी कशी व्हायची? म्हणून गुडघे सैल सोडून, खुब्यातनं वाकायचं शिकवतोय. न् दुखायच्या आधीच उभं ऱ्हायचं."

"कुणाला उतरायचंय आवणीला?"

बायका आधी माझ्याकडे आणि मग प्रभाकडे बघू लागल्या. "मला," ती म्हणाली. "दादाच्या खाचरात एकदा पुन्हा माझ्या वाट्याची रोपांची पात लावायची आहे. आई असताना लावायचे, तशी."

इतक्या वर्षांच्या संसारात दूधवाल्याच्या खाड्यांपासून शेजारच्या टीव्हीच्या आवाजापर्यंत सगळे तिने मला सांगितले. हे एक सांगितले नव्हते, आणि या माणसाला सांगितले होते. परतीची गाडी यायची होती. फलाटावरच्या बाकावर मी तिला विचारले, हे मला का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारायचात, कुठे दुखतंय. ते मी सांगत होते की."

ते खरे होते, म्हणून आणखी राग आला. तो मी रशीदभाऊंवर धरला. प्रभावर धरणे परवडले नसते.

पावसाळ्यात आवणी निघाली. मावळात ही कामे सावडीने चालतात; आज सगळे याच्या रानात, उद्या त्याच्या. किसनदादांच्या खाचराची पाळी आली त्या दिवशी प्रभाने पदर खोचला आणि ती चिखलात उतरली. मी पुढे झालो, तर किसनदादा म्हणाले, "दाजी, तुमी बांधावरच ऱ्हावा. घसरून पडला तर आवणी ऱ्हाईल न् तुमालाच उचलावं लागंल." बांधावर रशीदभाऊ आधीच छत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

मला धड बघवतही नव्हते आणि मान फिरवताही येत नव्हती. प्रभा इतर बायकांपेक्षा हळू होती. थोडी रोपे लावायची, उभी राहायची, हात कंबरेवर, मागे रेलायचे, पुन्हा वाकायचे. बाकीच्यांच्या पाती संपल्या तरी तिची चालू होती. कुणी तिला घाई केली नाही. किसनदादांनी फक्त रोपांच्या मुठी तिच्या हाताशी आणून टाकल्या. शेवटचे रोप लावून ती सरळ झाली. चेहरा चिखलाने माखलेला, पदर भिजलेला, आणि असे हसू, की ते मी आधी कधी पाहिल्याचे मला आठवेना. तिने मान वर केली आणि बांधाकडे पाहिले. बांधावर आम्ही दोघे होतो. तिने रशीदभाऊंकडे पाहिले.

भाऊंनी तिला हात केला. मग माझ्याकडे न वळताच विचारले, "अरविंदराव, तुमचं काय करायचं ऱ्हायलंय?"

आता एक गोष्ट इथे सांगावी लागते. माझी स्वतःची कंबर बरेच दिवस धरलेली आहे. सदऱ्याच्या आत मी पट्टा बांधतो. हे प्रभाखेरीज कुणाला ठाऊक नाही, असा माझा समज होता. मी काहीतरी विषय बदलणार होतो, पण तोंडातून निघाले ते असे: "तिच्या शेजारची पात."

जे मी बायकोला कधी बोललो नाही, ते मीही याच माणसाला सांगून बसलो. भाऊ हसले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "मग उद्या सकाळी शेडवर या. पट्टा काढून."

तेव्हापासून मी मळवलीला जातो. वर्गात शेवटच्या ओळीत असतो. माझ्या पुढे प्रभा असते आणि माझा गुडघा ताठ राहिला तर मागे न बघताही तिला ते कळते. पाळणा करतो, मांजरीचं करतो, कोरड्या जमिनीवर पेंढ्याच्या काड्या टेकवत मागे येतो. कंबर अजून कुरकुरते, पण पट्टा खुंटीला आहे. कोंड्याच्या पुरचुंडीविषयी मी या लेखात याहून अधिक काही बोलणार नाही.

तर रशीदभाऊंना शुभेच्छा. त्या मी मनापासून देतो, आणि माझ्या सोयीसाठी देतो. येत्या आवणीला किसनदादांच्या खाचरात दोन पाती शेजारी शेजारी लागायच्या आहेत. माझी तयारी अजून कच्ची आहे आणि दुसऱ्या कुणाकडून शिकायला मी तयार नाही. तेव्हा भाऊंनी ठणठणीत राहावे, त्यांचे गुडघे, कंबर, डोळे शाबूत असावेत, आणि पुढची पुष्कळ वर्षे दर पावसाळ्यात त्यांनी छत्री घेऊन त्या बांधावर उभे राहावे. आणि पात संपवून प्रभा सरळ होईल तेव्हा, ते तिथे उभे असतानाही, एकदा तरी तिने बांधाकडे न बघता शेजारी बघावे.