खराटा आणि तीस पावलं

जंगल झाडून काढणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघावा हे आमचं प्राक्तन. हे आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुक्काम देवास, सरकारी नोकरीतून निवृत्त. आत्या दर वैशाखात बागलीपलीकडच्या डोंगरावर देवीची ओटी भरायला चढते. त्या दिवसांत उतारावर सागाची ताटाएवढाली वाळकी पानं साचलेली असतात आणि त्यांच्याखाली सुटा मुरूम. पाय पडला की माणूस बसूनच खाली येतो. म्हणून आतोबा खराटा घेऊन पुढं निघतात आणि झऱ्यापासून वळणापर्यंतची चढण झाडतात. "अहो, लक्ष्मी कुणी घराबाहेर काढतं का?" असं आत्यानं एकदा बजावलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "केरसुणी लक्ष्मी. खराटा तिचा लांबचा दीर, तो हिंडला तर चालतं." बसमध्ये कुणीतरी विचारतंच, "भिया, झाडू बेचने जा रिये हो?" आतोबा सांगतात, "नी भिया, जंगल झाडने." मग शेजारची जागा आपोआप रिकामी होते आणि तिथं खराटा ऐसपैस बसतो.

डोंगरावरून आले की त्यांची वाटेची खबर सुटते. नव्या पोरांना मराठी वाचता येत नाही म्हणून ती आवाजात भरून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची. "पहिला टप्पा, मुरूम सुटा. दुसरा टप्पा, पानं घोट्यापर्यंत. झऱ्याला पाणी तांब्याभर. माकडं उद्धट." ही खबर बदनावर गावच्या त्या व्याह्यांनाही जाते, जे माडीवर चढायचं म्हटलं तरी दोनदा विचार करतात. ऐकत कुणीच नाही. मीही ऐकत नसे.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर गेलो. माणसानं डोंगरावर घाई घेऊन जाऊ नये, मी ती भरपूर नेली होती. आतोबा दोन हात रुंद वाट झाडत होते, मागून आत्या दम खात येत होती, आणि ऊन टाळक्यात शिरत होतं. वळणाशी डावीकडं कातळ, उजवीकडं उतार. तिथली तीस पावलं राहिली होती, त्यापुढं वर नुसता खडक. माझा पारा चढला. "आतोबा, पुरे करा हे झाडूपोछा! देवी वाट बघून झोपली असेल." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खराटा खांद्यावर टाकला.

आत्या ओटी भरत असताना तेंदूपत्ता तोडणारी एक बाई धावत वर आली. "नीचे आग लग गी है, जल्दी उतरो!" आम्ही वळणापर्यंत आलो. खालच्या उतारावरची पानं धडधडत पेटली होती आणि जाळ वर सरकत होता. झाडलेल्या वाटेच्या कडेला येऊन तो थांबत होता, पुढं जायला त्याला पानच सापडत नव्हतं. आमच्यासमोरच्या तीस पावलांवर मात्र पानं जशीच्या तशी होती, माझ्या कृपेनं. जाळ तिथून जेमतेम वीस हातांवर. आत्याला धाप लागलेली, तिला पळवणं शक्यच नव्हतं.

"हिला धर. मी सांगेपर्यंत पाय टाकू नका," म्हणत आतोबा त्या पानांत शिरले. सपासप खराटा चालू झाला. "अहो, परत फिरा!" आत्या ओरडत होती, आणि धुरातून उत्तर येत होतं, "दहा पावलं मोकळी! मुरूम सुटा, कातळाकडून चाला!" मी तिला धरून पुढं सरकलो. "वीस मोकळी!" आता ते दिसत नव्हते, नुसता खोकला ऐकू येत होता. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीसुद्धा मागं पडली. मग आवाज आला, "तीस! या!" आम्ही पोचलो तेव्हा खराट्याचा शेंडा जळत होता आणि ते तो मातीत विझवत होते.

झऱ्याशी बसून त्यांनी बूट काढला. तळ वितळून पायाला चिकटला होता. संध्याकाळी ग्रुपवर खबर आली, ती मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकली. "वळणावर तीस पावलं झाडायची राहिली. चूक माझी."

आतोबांना त्या पायानं आता चढण होत नाही. यंदा आत्याबरोबर मी गेलो, नवा खराटा घेऊन. बसमध्ये माझ्याही शेजारची जागा रिकामी झाली. वरून मी आतोबांना फोन लावला.

"वाट कशी आहे?"

"साफ आहे. वळणावरची तीस पावलं दोनदा झाडली. आतोबा, त्या दिवशी चूक माझी..."

"माकडं कशी आहेत?" त्यांनी मध्येच विचारलं.

"उद्धट," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "हं. सावकाश उतरा. हिला कातळाच्या बाजूनं घे."