डोनर गाडी

माझ्या गाडीला पहिल्यांदा कोणी डोनर म्हटलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. नवरा एक विलायती मासिक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यात एका जुन्या धाटणीच्या स्पोर्ट्स कारचा फोटो होता. लांबलचक नाक, तारांची चाकं, वर टप नाही, बसायला दोनच जागा. अशी गाडी घरी बनवता येते म्हणे. एखादी जुनी मोटार घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं ठेवायची, वरचं सगळं उतरवायचं आणि त्यावर नवी बॉडी बोल्टांनी बसवायची. जिच्या जिवावर हे सगळं करायचं, ती डोनर.

"आपली गाडी एकदम फिट आहे याच्यासाठी," तो म्हणाला. "खालची चासी वेगळी, वरची बॉडी वेगळी. आता अशी भेटत नाही."

आपली म्हणे! ती माझी होती. दुर्गला वकिली करणाऱ्या माझ्या बाबांची ती गाडी. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर, चुनखडीचे ट्रक अंगावर येत असताना, त्यांनी मला तिच्यावर चालवायला शिकवलं आणि शेवटच्या आजारात ती माझ्या नावावर केली. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमधून मी रोज ती घेऊन जामुलला शाळेत शिकवायला जात असे. सेक्टरमध्ये बायका स्कूटरच्या मागच्या सीटवर बसत. मी स्टीअरिंगवर बसत असे. लोक वळून बघत आणि मला ते फार आवडे, खोटं कशाला बोलू?

नवरा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला इंजिनियर होता. त्याला नोकरीचा कंटाळा आला होता. एक नमुना तयार झाला की त्यावरून फायबरचे साचे काढायचे, साच्यांतून बॉडीचे सेट काढायचे आणि ज्यांच्या दारात अशा जुन्या गाड्या पडून आहेत त्यांना ते विकायचे, असा त्याचा बेत होता. रायपूरच्या एका राइस मिलवाल्याचा मुलगा पहिला सेट घ्यायला तयारही होता.

"मले कावून विचारलं नाही आधी?" मी म्हटलं.

"तुलेच तर देऊन राहिलो ना बाप्पा!" तो म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या विश्वकर्मा पूजेला गाडी तयार. पहिला राउंड तुझा."

रक्त देणाऱ्याला निदान आधी विचारतात आणि नंतर चहा-बिस्किट देतात. मला एवढा एक राउंड कबूल झाला.

भिलाईत विश्वकर्मा पूजेचा थाट दिवाळीसारखा. प्लांट घरच्या माणसांसाठी उघडतात, अजस्र यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, क्वार्टरांसमोरच्या स्कूटरींनाही हळदकुंकू वाहतात. माझ्या गाडीला दरवर्षी मी वाहत असे. त्या वर्षी नवऱ्याने वाहिलं, नारळही त्यानेच फोडला. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याचे मिलमधले मित्र पाने-पेचकस घेऊन आले. बकऱ्यालाही आधी कुंकूच लावतात. संध्याकाळपर्यंत दारं, टप, सीट सगळं मागच्या अंगणात तुळशीजवळ रचून ठेवलं होतं आणि मध्ये चार चाकांवर एक सांगाडा उभा होता. मला रडू आलं. नवऱ्याला वाटलं, कांदा चिरून आले असेन.

मग माझा बसचा संसार सुरू झाला. जामुलची बस येई तेव्हा येई, आणि आली की तिच्यात पाय ठेवायला जागा नसे. तिथल्या सिमेंट कारखान्याची धूळ केसांत घेऊन मी वर्गात उशिरा शिरत असे. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत. घरी नवरा लाकडी पट्ट्या आणि प्लॅस्टर घेऊन नाकाचा आकार घडवत बसलेला असे. आकार सुंदर होता, हे मी नाकारत नाही. त्यावर त्याने फायबरचं पहिलं बॉनेट काढलं, ते मी एकटीने उचललं. सुपासारखं हलकं होतं. त्या एका दिवशी मलाही वाटलं, जमेल याला.

पण त्या बॉनेटवर त्याच्या मित्रांनी बोटांची गाठ आपटून पाहिली. भिलाईच्या माणसाची ही खोडच आहे. कपाट असो, पलंग असो, आधी ठोकून आवाज ऐकायचा. बॉनेट पोकळ वाजलं.

"ये क्या डब्बा है, यार!" एक जण हसला. दुसरा म्हणाला, "भिलाई में रह के प्लास्टिक की गाड़ी?"

झालं. नवऱ्याचं नाक कापलं गेलं. पुढच्याच रविवारी नंदिनी रोडवरच्या लोखंडाच्या दुकानातून पोलादी पत्रे आले, आणि तेही जाड. पत्र्यांना आधार म्हणून लोखंडी अँगल, अँगलना आधार म्हणून आणखी अँगल. या मंडळींनी जन्मभर जे बांधलं ते धगधगत्या लोखंडाचे तुकडे पेलायला बांधलं. हलकं असावं असं काही त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं.

"अहो, दोन माणसं बसणार त्यात," मी म्हटलं. "मालगाडीचा डबा थोडाच आहे?"

"तुले काय समजते त्यातलं? मजबुती पाहिजे."

ठोकून ठोकून पत्रा वाकवायचा म्हटल्यावर साचे कसले आणि सेट कसले! बॉडी उचलून विकायचा बेत त्या पत्र्यांखालीच मेला, पण तसं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. अंगणात मात्र रोज कौतुक चाले. बोटांची गाठ आपटली की आता भरीव आवाज येत होता.

पुढच्या वर्षीच्या पूजेचा दिवस आला. गाडी लाल रंगात झळकत होती. मी नवी साडी नेसून, रुमालात किल्ली धरून अंगणात उभी होते. तेवढ्यात रायपूरचा तो मुलगा आला. नवऱ्याने माझ्या हातातून किल्ली घेतली.

"पाहुणा आहे, त्याले आधी फिरवून आणतो. तू नंतर जा."

मित्र आपापल्या स्कूटरींवर निघाले, मीही एका शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्यांच्या मागोमाग गेले. रेल्वे फाटकाला केवढासा चढ असतो! सायकलवाले पायडल न थांबवता जातात. माझी गाडी कण्हत चढली आणि रुळांवर तिचं पोट टेकलं. त्या वजनाखाली मागच्या स्प्रिंगा केव्हाच सपाट झाल्या होत्या. फाटकवाला झेंडी नाचवत ओरडत होता. रस्त्यावरच्या माणसांनी मिळून ती उचलून पलीकडे ढकलली. पाहुणा उतरला, हात झटकले आणि रिक्षा शोधायला गेला.

नवरा घामाने निथळत होता. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. बोलला. मित्रांना म्हणाला, "डोनरमधेच दम नव्हता ना!"

बाबांच्या गाडीत! अहिवाऱ्याच्या खड्ड्यांतून कधी न थांबलेल्या गाडीत! तो राग अजून माझ्या घशात आहे, आणि मला तो गिळायचा नाही.

माझा राउंड झालाच नाही. रोजच्या त्या बसपायी शाळाही मी त्याच साली सोडली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी राहिली. कोणी विचारलं तर नवरा "माझा प्रोजेक्ट" म्हणे. नंतर कोणी विचारेनासं झालं.

तो रिटायर झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा त्याने भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्याने ताडपत्री ओढली, सवयीने पत्र्यावर गाठ आपटली आणि मान डोलावली. मग विचारलं, "गाड़ी किसकी है, साहब?"

"मॅडम की है," नवरा म्हणाला. "उनसे पूछ लो."

आणि तो भंगारवाला माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "ले जाऊँ, मॅडम?"

त्या गाडीबद्दल मला कोणीतरी विचारलं, ते एवढंच.